वाचकांचे प्रश्न : कार्पचा हेअर रिग फ्लायच्या दोरीवर

प्रश्न : बरीच वर्षे मी शिसे आणि हेअर रिग (गळाबाहेर धाग्यावर आमिष लोंबते ठेवणारी बांधणी) वापरून कार्प मासे पकडत आलो आहे. आता फ्लाय रॉड घेतला आहे. जुने रिग तसेच लीडरला (फ्लायच्या जाड दोरीच्या टोकाला जोडलेल्या बारीक तंगुसाला) बांधले तर चालतील का? नसल्यास कोणते बदल करावेत?
– एक वाचक

उत्तर : तसेच बांधून चालणार नाहीत. नेहमीच्या रॉडने फेकताना शिसे पुढे जाते आणि तंगूस त्याच्यामागून ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र वजन दोरीतच असते आणि हलकी फ्लाय (गळावर धागे-पिसांनी बांधलेले कृत्रिम आमिष) तिच्यामागून जाते. लीडरला जड शिसे लावले की दोरीचा वळसा नीट उलगडत नाही, आणि ते शिसे रॉडवर आदळले तर रॉड मोडूही शकतो. त्यामुळे जड शिसे लावलेल्या बोल्ट रिगचा विचार सोडून द्यावा. त्यात गळ टोचताच मासा बिथरून पळतो आणि शिशाच्या भाराने गळ आपोआप रुततो. फ्लायवर ते काम आपल्यालाच करावे लागते.

हेअर रिगची कल्पना मात्र जरूर उचलावी. इंग्लंडमध्ये 1970च्या दशकाच्या अखेरीस लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी हा रिग विकसित केला. कार्प अन्न पाण्यासकट तोंडात ओढून घेतो आणि संशय आला की क्षणात बाहेर फुंकतो. आमिष गळावर न ओवता बारीक धाग्यावर मागे लोंबते ठेवले, तर गळ उघडा राहतो आणि बाहेर फेकला जाताना ओठात अडकतो. फ्लायच्या गळामागेही असा धागा सोडून त्यावर लोकरीचा गोळा बांधता येतो, पण दोरी हवेत पुढे-मागे झुलवताना तो गळाच्या बाकाभोवती गुंडाळला जातो. शिवाय काही तलावांच्या नियमांत अशी रचना फ्लाय म्हणून मान्य होत नाही, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

म्हणून माझी पसंती वेगळ्या मार्गाला आहे. आखूड दांड्याचा मजबूत गळ घ्यावा, सारी बांधणी दांड्यावरच ठेवावी आणि टोक व बाक यांमधली जागा पूर्ण मोकळी सोडावी. दांड्याच्या वरच्या बाजूला, गळाच्या डोळ्याजवळ (लीडर ओवायच्या छिद्राजवळ), साखळीच्या मण्यांची जोडी बांधली की फ्लाय पाण्यात उलटी होते आणि गळाचे टोक वर राहून चिखलात वा शेवाळात रुतत नाही. शेपटीखाली फोमची चिंचोळी पट्टी घालावी आणि ती थोडी थोडी कातरत फ्लाय पेल्यातल्या पाण्यात सोडून पाहावी : ती सावकाश बुडून मण्यांवर टेकली आणि शेपटी वर उभी राहिली, म्हणजे तोल साधला. इतकी हलकी झालेली फ्लाय कार्पच्या ओढीबरोबर सहज तोंडात जाते, आणि संतुलित आमिषाचे मर्म हेच आहे. लीडरला ती घट्ट गाठीऐवजी न सरकणाऱ्या फासाने बांधावी, म्हणजे मोकळी हलते.

पॉप-अपची (तळापासून वर तरंगणाऱ्या आमिषाची) जागा फोमचे डोळे असलेली बूबी फ्लाय घेते. बुडणारी दोरी तळाशी बसते आणि फ्लाय तळापासून किती वर तरंगेल हे लीडरच्या लांबीवर ठरते. ही फ्लाय स्थिर सोडून देऊ नये, कारण मासा ती खोलवर गिळतो आणि त्याला सुखरूप सोडणे अवघड होते. दोरी सतत हळूहळू ओढत राहावी.

सर्वांत मोठा बदल सवयीचा आहे. मासा लागल्याचे सांगणारा अलार्म वाजण्याची वाट पाहण्याऐवजी मासा डोळ्यांनी हेरावा लागतो. तो फ्लायवर झुकून थबकला किंवा लीडर किंचित सरकला, की रॉड वर न उचलता हाताने दोरी खेचावी. मासा चुकला तरी फ्लाय त्याच्याजवळच राहते.