सोलापूरच्या जुन्या कात्रणांच्या नोंदी टाइप केल्यात, 'सोलापूर' शोधलं तर निम्म्याच सापडतात. काय वापरू?

एसक्यूलाइट या डेटाबेसमधलं एफटीएस५ (FTS5) हे मजकूर शोधायचं साधन वापरा, फुकट आहे. फक्त त्याच्या मूळ सेटिंगमध्ये काना, वेलांटी शब्दाचा भाग धरत नाहीत, मराठी शब्दाचे तुकडे पडतात. टोकनायझर म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग; त्याच्या कॅटेगरीजमध्ये (शब्दात धरायचे अक्षरप्रकार) 'एमएन' (Mn) आणि 'एमसी' (Mc) हे काना-वेलांटीसारख्या चिन्हांचे गट आवर्जून जोडा, मगच इंडेक्स (शोधसूची) बनवा.

निम्म्या नोंदी हुकतात त्या प्रत्ययामुळे. 'सोलापुरात' लिहिताना पू ऱ्हस्व होतो! म्हणून 'सोलाप*' शोधा; * म्हणजे पुढे काहीही चालेल. जुन्या मजकुरासाठी 'शोलाप*' पण द्या. 'गिरण*' टाकलंत की गिरणी, गिरणीत, गिरण्यांचा सगळं येतं.

निकालांचा क्रम बीएम२५ (BM25) या गुणांकन पद्धतीने लावा. एकूण नोंदींत दुर्मीळ असलेल्या शब्दाला त्यात जास्त वजन मिळतं, त्यामुळे 'सोलाप* मार्शल' शोधल्यावर १९३०च्या लष्करी कायद्याच्या (मार्शल लॉ) बातम्यांत 'मार्शल' पुन्हा पुन्हा आलेली कात्रणं वर दिसतील.