क्वार्टरबॅक आधी की त्याच्यापुढची भिंत आधी?

प्रश्न (वर्तकनगर, ठाणे): दादा नमस्कार. माझा नवरा ऐरोलीला अमेरिकन कंपनीच्या नाइट शिफ्टला आहे, तिकडे त्याला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलंय. मॅच बघतो ते समजू शकते, पण दरवर्षी एप्रिलमधे एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला ड्राफ्ट बघायला बसतो, तिथे तर नुसती नावं वाचतात! आयपीएलसारखा लिलाव का नाही करत हे लोक?

उत्तर: ताई, लिलावात ज्याच्याकडे पैसे शिल्लक त्याला खेळाडू मिळतो, ड्राफ्टमधे बोलीच नसते. ३२ टीम, सात फेऱ्या, आणि मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात जास्त हरली तिचा नंबर पहिला, म्हणजे कॉलेजमधून आलेल्या पोरांमधला हवा तो आधी तिने उचलायचा. तो नंबर दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात दोनतीन नंबर घेताही येतात, सगळी गंमत तिथेच आहे. आपल्याकडेही हे एकदा झालंय. २००८ ला पहिल्या आयपीएलच्या वेळी अंडर-१९ च्या पोरांचा ड्राफ्ट झाला होता, त्यात दिल्लीने आपल्याच शहरातला विराट कोहली सोडून प्रदीप सांगवान हा फास्ट बोलर घेतला कारण त्यांच्याकडे बॅटिंग भरलेली होती, आणि कोहली गेला बंगलोरला. गरज बघायची की पोरगं बघायचं, हा प्रश्न तेव्हाही होता. तुमचे मिस्टर पहाटे उठून तेच बघतायत.

प्रश्न (ऐरोली): दादा, मी न्यूयॉर्कच्या जेट्स टीमचा फॅन आहे, तेव्हा माझं दुःख तुम्हाला कळेल. शिफ्ट सुटली की आम्ही चौघं स्टेशनबाहेरच्या टपरीवर कटिंग घेत यावरच भांडतो. दरवेळी ड्राफ्टमधे वरचा नंबर मिळाला की क्वार्टरबॅक (क्यूबी, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा) घ्या म्हणतात आणि दरवेळी आमचं वाटोळं होतं. वरचा नंबर असला की क्यूबीच घ्यायला हवा का?

उत्तर: नाही रे मित्रा, आणि तुझ्याच टीमची गोष्ट सांगतो. जेट्सने २००९ ला पाचव्या नंबरला मार्क सांचेझ घेतला, २०१८ ला तिसऱ्या नंबरला सॅम डार्नल्ड, २०२१ ला दुसऱ्या नंबरला झॅक विल्सन. बारा वर्षांत तीन वेळा तोच जुगार. यातला डार्नल्डचा सौदा नीट बघ, कारण माझ्या मते सगळं उत्तर त्यातच आहे. जेट्सचा नंबर होता सहावा, तिसऱ्यावर यायला त्यांनी इंडियानापोलिसच्या कोल्ट्स टीमला तो सहावा नंबर दिला आणि वर दुसऱ्या फेरीतले तीन नंबर दिले. कोल्ट्सने त्या सहाव्या नंबरला घेतला क्वेंटन नेल्सन, म्हणजे गार्ड, क्यूबीच्या पुढे उभं राहून धक्के खाणाऱ्या पाच जणांतला एक, आणि जेट्सकडूनच आलेल्या ३७ व्या नंबरला टॅकल, म्हणजे त्या भिंतीच्या टोकाला उभा राहणारा, ब्रेडन स्मिथ. एका सौद्यात त्यांनी अर्धी भिंत बांधली. इकडे डार्नल्ड विशीतला पोरगा, त्याला तीन वर्षांत दोन हेड कोच, पुढे भिंत नाही, मग २०२१ ला दिला कॅरोलायनाला. तोच पोरगा २०२४ ला मिनेसोटाकडून १४ मॅच जिंकला! पोरात खोट असती तर हे झालं असतं का? मला तेव्हा खरंच त्याच्यासाठी बरं वाटलं.

भिंतीशिवाय काय होतं ते ह्यूस्टनवाल्यांना विचार. २००२ ला नवीन टीम, पहिल्याच नंबरला डेव्हिड कार घेतला, आणि त्या एका सीझनमधे तो ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पाडला गेला. ७६! एवढा मार खाल्लेला माणूस पुढे बॉल फेकायच्या आधी मागे बघणारच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ते खोटं होईल. कोल्ट्सकडे भिंत होती पण २०१९ ला सीझन सुरू व्हायच्या तोंडावर त्यांचा क्यूबी अँड्र्यू लक रिटायर झाला आणि मग रिव्हर्स, वेंट्झ, रायन असे दरवर्षी नवीन उसने क्यूबी आणत बसले, हाती काही लागलं नाही. म्हणजे क्यूबी लागतोच, प्रश्न फक्त कधी. माझं मत असं की दोन्ही टॅकल धड असतील तर क्यूबी घ्यावा, नसतील तर नंबर विकावा. शिकागोने २०२३ ला पहिला नंबर कॅरोलायनाला विकला, बदल्यात डीजे मूरसारखा पास पकडणारा रिसीव्हर आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा नंबर मिळाला, आणि कॅरोलायना एवढी हरली की तो नंबर पुन्हा पहिलाच निघाला, त्यावर केलेब विल्यम्स आला. पण भिंत राहिलीच होती, तो पहिल्या वर्षी ६८ वेळा सॅक झाला. मग २०२५ ला मधल्या तिन्ही जागांवर नवीन माणसं आणली, नवा कोच आणला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

प्रश्न (कोपरखैरणे): दादा, वरचा प्रश्न ज्याने पाठवलाय त्याचाच मी मित्र. तो म्हणतो क्यूबी अचूक पाहिजे, मी म्हणतो हातात ताकद पाहिजे, अचूकपणा शिकवता येतो, ताकद नाही. बफेलोचा क्यूबी जोश ॲलन बघा!

उत्तर: ॲलनचं नाव येणार हे माहीत होतंच. बरोबर आहे तुझं, पहिल्या वर्षी त्याचे ५२.८ टक्के पास पूर्ण झाले आणि २०२० ला ६९.२ टक्के. पण मधे काय काय झालं ते बघ ना, बफेलोने हेड कोच बदलला नाही, त्याचा ऑफेन्स बघणारा कोच चार वर्षं तोच ठेवला, २०२० ला स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आणून दिला. एवढा धीर किती टीम धरतात? अँथनी रिचर्डसन बघ, हात तसाच दणकट, शरीर तसंच, २०२३ ला चौथ्या नंबरला गेला आणि २०२४ ला त्याचे निम्मे पासही पूर्ण झाले नाहीत, ४७.७ टक्के.

मी ताकदीच्या आधी बघतो ते कॉलेजमधे पोरगं किती मॅच पहिल्यापासून खेळलंय. रिचर्डसन १३, ट्रुबिस्की १३, ट्रे लान्स १७. त्या लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सनी पहिल्या फेरीतले तीन नंबर घातले आणि दोन वर्षांनी त्याला चौथ्या फेरीच्या नंबरवर सोडला, उलट २०२२ ला सगळ्यात शेवटी २६२ व्या नंबरला घेतलेला ब्रॉक पर्डी त्यांना सुपर बोलपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत घेऊन गेला. जेडन डॅनियल्स कॉलेजमधे ५५ मॅच खेळून आला आणि पहिल्याच वर्षी वॉशिंग्टनला ४ विजयांवरून १२ वर नेलं. कॅम न्यूटन एकच मोठा सीझन खेळून पहिला गेला आणि २०१५ चा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू झाला, हे कबूल, पण असे किती?

ताकदवाला कच्चा पोरगा घ्यायचाच असेल तर त्याला वर्षभर बसवायची तयारी पाहिजे. कॅन्सस सिटीचा क्यूबी पॅट्रिक महोम्स २०१७ ला दहाव्या नंबरला आला, त्या वर्षी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला, एकच मॅच सुरुवातीपासून खेळला, तीही शेवटची. पुढच्या वर्षी ५० टचडाउनचे पास. तुमच्या टीममधे ॲलेक्स स्मिथसारखा कोणी म्हातारा आहे का जो पोराला शिकवेल आणि तोवर मॅचही जिंकून देईल? असेल तर तुझं ऐकायला मी तयार आहे. नसेल तर तुझ्या मित्राचं बरोबर आहे, येत्या एप्रिलला चहा तुझ्याकडून, आणि त्या पहाटे क्यूबीचं नाव वाचायच्या आधी त्या टीमचा लेफ्ट टॅकल कोण आहे ते दोघं मिळून शोधून ठेवा, काय सापडलं ते मला नक्की कळवा.