देवळातल्या घंटेवर मेरीमाता

प्रश्न : वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर मेरीमाता व बाळ येशूची आकृती आहे. ही घंटा तेथे कशी आली आणि तिचा नाद इतका वेळ का घुमतो?

उत्तर : चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून मराठी मुलखात आल्या आणि निरनिराळ्या देवळांत टांगल्या गेल्या, १७०७ हे साल असलेली मेणवलीची घंटा त्यांपैकीच एक. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटाही पोर्तुगीज घडणीचीच आहे. देवळात टांगतानाही मेरीमातेची आकृती तासून काढावी असे कोणाला वाटले नाही, हे मला विजयाइतकेच मोलाचे वाटते.

नादाचे रहस्य धातूत आणि घडणीत आहे. अशा घंटांच्या काशात साधारणपणे चार भाग तांब्याला एक भाग कथिल असते. हा मिश्रधातू ठिसूळ खरा, पण त्यात कंपने लवकर जिरत नाहीत. शिवाय लोळा जेथे आदळतो तो काठ सर्वांत जाड ठेवलेला असतो. टोला पडताच उमटणारे तीक्ष्ण स्वर झटकन विरतात आणि खालच्या पट्टीतला गुंजारव मागे रेंगाळतो. काठाला तळहात टेकवला, की तो लवकर विरतो.