सासऱ्यांना नेव्हल एव्हिएशन म्युझियम दाखवायला न्यावं का? (उत्तर)

तुम्ही विचारलंय की सासरे ७५ वर्षांचे, नेव्हीतून रिटायर्ड, मुलगा सहा वर्षांचा, तर गोव्याला गेल्यावर बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम बघायला न्यावं, की म्हाताऱ्या माणसाला उगाच दगदग आणि पोराला कंटाळा. न्या. तो दगदग शब्द वाचला आणि लिहायला बसलो, कारण आमच्या घरात त्या एका शब्दाने फार नुकसान केलंय.

माझे बाबा नेव्हीत एअर मेकॅनिक. १९७१ ला विक्रांत या नेव्हीच्या जुन्या विमानवाहू जहाजावर होते, तिथून उडणाऱ्या सी हॉक जेट विमानांवर. पायलट नव्हते, डेकवर विमानाच्या पोटाखाली वाकून काम करणारी जी माणसं असतात त्यातले. विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली आणि नंतर मुंबईत बरीच वर्षं म्युझियम म्हणून उभी होती, लोक पोराबाळांना घेऊन बघून यायचे. आम्ही दर सुट्टीत म्हणायचो बाबांना नेऊया, आणि दर सुट्टीत माझा मोठा भाऊ म्हणायचा, जिने किती असतील बघ, दगदग होईल त्यांना, आणि तसेही बाबा काही पायलट नव्हते, त्यांना काय बघायचंय तिथे. मीही जोर लावला नाही, ती माझी चूक. २०१४ ला जहाज भंगारात काढून तोडायला घेतलं. बाबांनी पेपरात बातमी वाचली, पेपरची घडी करून उशाखाली ठेवला आणि त्या दिवशी जेवताना सुद्धा कुणाशी बोलले नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांनी सगळे मिळून गोव्याला गेलो तेव्हा मी कुणाला न विचारता गाडी बोगमाळोला घेतली. दादा गाडीत होता, कुरकुर चालूच. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची, ऊन होतं, ती पण गेटपासून कधी निघायचं विचारत होती. बाबा गप्प. विमानं बाहेर मैदानात उभी आहेत, त्यातलं सी हॉक लांबून दिसलं आणि हा माणूस काठी मुलीच्या हातात देऊन सरळ तिकडे चालायला लागला.

आता बघा, बहुतेक जुन्या जेट विमानांच्या इंजिनाचा तापलेला झोत शेपटीतून निघतो, सी हॉकचं तसं नाही. त्याचं इंजिन मध्ये आणि झोत दोन्ही बाजूंनी, पंखाच्या मुळाशी मागच्या अंगाला असलेल्या दोन भोकांतून बाहेर पडतो, त्यामुळे शेपटीकडच्या भागात इंधनाला जागा मिळाली. बाबा विमानाच्या पुढून पंखाखाली गेले, पण मागे जायची वेळ आली तेव्हा त्या भोकासमोरून गेले नाहीत, चांगला सात-आठ हात लांब वळसा घालून गेले. इंजिन थंड पडून तीसेक वर्षं झालेली. मुलीने विचारलं आजोबा असे लांबून का, तर म्हणाले तिथून जायचं नसतं बाळा. बस, मग ती पण त्यांच्या मागे तसाच वळसा घालून गेली आणि नंतर पूर्ण वेळ, जितक्यांदा त्या विमानाभोवती फिरली तितक्यांदा, लांबूनच.

मग दोघं खाली बसले. शेपटीखालचा अरेस्टर हुक दाखवला, हा डेकवरच्या वायरीत अडकला नाही तर पायलटला परत उडावं लागतं. पंख घडी होतात ती बिजागरी दाखवली, पंख उघडला की लॉक बसलाय की नाही हे कुणीतरी डोळ्यांनी आणि हाताने बघितल्याशिवाय विमान पुढे सोडत नाहीत, आणि तो कुणीतरी म्हणजे मी, असं म्हणाले. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं ते हे की युद्धाच्या वेळी विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता, जहाज पूर्ण वेगाने पळू शकत नव्हतं, आणि जहाज हळू म्हणजे डेकवर समोरून वारा कमी, म्हणजे विमान उडवणं अवघड. तरी ४ डिसेंबरला सी हॉक निघाली आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात हल्ले केले, आधी कॉक्स बझार, मग चितगाव. बाबा म्हणाले, विमान गेलं की आम्ही आकाशाकडे बघत उभे राहायचो, परत येताना मोजायचो.

दादा हे सगळं दोन पावलांवर उभा राहून ऐकत होता. त्याने तोपर्यंत आठ वेळा घड्याळ बघितलं होतं, त्यानंतर बघितलं नाही. पण कबूलही केलं नाही कधी, म्हणून इथे लिहितोय, दादा वाचत असशील तर वाच.

बाकीचं पटकन सांगतो. सी हॅरियर आहे, जागच्या जागी वर उठणारं, त्याच्या बाजूच्या चार फिरत्या नळ्या पोराला आधी दाखवा, आणि हे सांगा की याचं इंजिन काढायचं झालं तर आधी अख्खा पंख क्रेनने उचलून बाजूला ठेवावा लागतो. मोठ्यांचे पण डोळे विस्फारतात. तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन आहे, ही विमानं आधी एअर इंडिया, मग एअरफोर्स, मग नेव्ही अशी फिरली. होडीसारख्या पोटाचं सीलँड आहे, नेव्हीचं पहिलं विमान, १९५३ चं. पाट्या वाचत फिरू नका, पोरगा दहा मिनिटांत वैतागेल. वाकून खालून बघा. कॉकपिटसमोर फोटो काढून वीस मिनिटांत बाहेर पडणारे लोक मला कळत नाहीत, विमान उडवणारा एक असतो आणि त्याला उडण्यालायक ठेवणारे डझनभर, ते सगळं काम खालच्या बाजूला दिसतं.

वेळ किती लागतो विचारलंय तर आम्हाला साडेतीन तास लागले, तुम्हाला तासभरही पुरेल, सासरे नेव्हीत नक्की काय करायचे त्यावर आहे. बसायला घडीची खुर्ची आणि टोपी बरोबर ठेवा, आतल्या गॅलरीत वरच्या मजल्याला जिना आहे, गुडघे दुखत असतील तर तो सोडून द्या. आणि हो, सोमवारी बंद असतं. सासऱ्यांना आधी विचारून ठेवा ते कुठल्या विमानावर होते, आणि गेल्या गेल्या सरळ तिकडे न्या, पाय दुखायला लागायच्या आत.