रिसेप्शनवर शिकलेलं कुठे कुठे चालतं?

रिसेप्शन सोडून दुसऱ्या कामाकडे वळू पाहणाऱ्या पुण्यातल्या वाचकांचे हे चार प्रश्न.

प्रश्न : कोथरूडला दातांच्या दवाखान्यात चार वर्षं रिसेप्शनवर आहे. बायोडेटात 'फोन घेणे, अपॉइंटमेंट देणे' याशिवाय काय लिहू?

'उत्तम संवादकौशल्य' तेवढं लिहू नका. ते सगळेच लिहितात, वाचत कुणी नाही. आधी मोजा. खणात एक वही ठेवा आणि कामाचे सलग १२ दिवस रेघा ओढा : आलेले फोन, दिलेल्या वेळा, न आलेले पेशंट, आयत्या वेळी बदललेल्या वेळा. सकाळ आणि संध्याकाळ वेगळी मोजा, नाहीतर ऑफिस सुटल्यानंतरची गर्दी सरासरीत लपून जाते. मग ओळ तयार होते : 'दोन डॉक्टरांच्या मिळून दिवसाला इतक्या वेळा ठरवणे, आदल्या संध्याकाळी आठवणीचा फोन, रात्री रोख, यूपीआय आणि कार्डाची रक्कम पावत्यांशी जुळवणे.' यातला शेवटचा तुकडा बहुतेक जण विसरतात. अकाउंट्सकडे जायचं असेल तर तोच कामाला येतो.

रूट कॅनॉलला जास्त वेळ, नुसतं दाखवायला दहा मिनिटं, मध्ये एखादी जागा मोकळी ठेवायची, हे तुम्ही न विचारता करता. गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरला किंवा डायग्नोस्टिक सेंटरला नेमकं हेच हवं असतं. मात्र रजिस्टरचा फोटो पुरावा म्हणून नेऊ नका. पेशंटची नावं आणि नंबर बाहेर फिरवणाऱ्याला दुसरा दवाखाना कशाला ठेवेल?

प्रश्न : हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून कॅशलेस डेस्कवर जाता येईल का?

येईल, आणि ही सगळ्यांत जवळची उडी आहे. या डेस्कवर पेशंटचं बिल थेट विमा कंपनीकडून मंजूर करून घेतात. घाबरलेल्या नातेवाइकाकडून कागद नीट काढून घेणं तुम्हाला जमतंच. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत विमा कंपनीनं निर्णय द्यायचा असतो. पण फॉर्म अर्धवट गेला की 'क्वेरी', म्हणजे कंपनीची उलट विचारणा, येते आणि सगळं लांबतं. नेहमीच्या चुका दोन : पॉलिसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, किंवा 'त्रास कधीपासून' हा रकाना डॉक्टरांना न विचारता भरला जातो, आणि आजार जुना ठरून दावा अडकतो.

नवं शिकायचं ते पॉलिसी वाचणं. खोलीभाड्याची मर्यादा रोज ५,००० असताना ८,००० ची खोली घेतली, तर प्रमाणशीर कपातीची अट असलेल्या पॉलिसीत वरचे ३,००० भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची २०,००० फीसुद्धा त्याच प्रमाणात, पाच-अष्टमांशच, म्हणजे १२,५०० मिळते. हे खोली देण्याआधी, कागदावर आकडे मांडून सांगता आलं पाहिजे. डिस्चार्जच्या दिवशी सांगितलंत तर भांडण ठरलेलं.

प्रश्न : सरकारी लिपिकासाठी हा अनुभव धरतात का?

नाही. लिपिक-टंकलेखकाला पदवी आणि मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. फोनवर बोलता बोलता दोन बोटांनी टाइप करायची सवय मात्र आधी मोडा. वेग तिथेच अडतो.

प्रश्न : हिंजवडीच्या कंपनीत एजन्सीमार्फत फ्रंट डेस्कवर आहे. ॲडमिनला अर्ज करायचाय.

कुरिअरची आवक-जावक, किरकोळ खर्चाची व्हाउचर्स, एसी-झेरॉक्सच्या देखभाल करारांच्या तारखा, पाहुण्यांचे पास : यातलं जे सांभाळता ते लिहा, जे फक्त पाहता ते नको. मुलाखतीत 'व्हाउचरशिवाय पैसे मागितले तर?' असा प्रश्न हमखास येतो.

तुमच्या अर्जात खरी मेख वेगळीच आहे. पगार एजन्सी देते, म्हणून अनुभवाचं पत्रही तिचंच मिळणार. बायोडेटात कंपनीला मालक दाखवलंत तर पडताळणीत विसंगती निघते. एजन्सीचं नाव वर आणि खाली 'नेमणूक : अमुक कंपनी' असं लिहा. अर्जाआधी ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या, साइटवर यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक) टाकून सेवेचा तपशील उघडा आणि रुजू झाल्याची तारीख नेमणूकपत्राशी ताडून पाहा. चुकली असेल तर एजन्सीत असतानाच दुरुस्त करून घ्या. सोडल्यावर तिथल्या एचआरचा फोन लागत नाही.