मिडवेस्टमधली छोटी शहरं खरंच वाढतायत का? आणि कशामुळे?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या मिडवेस्टमधली (म्हणजे उत्तर-मध्य भागातल्या राज्यांतली) गावं ओस पडतायत असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग तुमच्या भावाला नोकरी लागली ते कोलंबस, इंडियाना वाढतंय असं लोक कसं सांगतात? मी २०१३ पासून याच कोलंबसमध्ये राहतोय (ओहायोमधलं मोठं कोलंबस वेगळं, बरेच जण तिथेच गफलत करतात). दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आधी आकडे बघू. २०१० च्या जनगणनेत आमचं शहर ४४,०६१ लोकांचं होतं, २०२० मध्ये ५०,४७४ झालं. म्हणजे दहा वर्षांत साडेचौदा टक्के वाढ. त्याच काळात सगळं इंडियाना राज्य मिळून पाच टक्केही वाढलं नाही. याच राज्यातल्या गॅरीत १९६० मध्ये १,७८,३२० लोक होते, पोलादाचं काम आटलं आणि २०२० ला उरले ६९,०९३. आयोवा राज्याच्या ९९ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बहुतेकांची लोकसंख्या या दहा वर्षांत घटली. तरुण पोरं शिकायला बाहेर पडतात ती परत येत नाहीत, मागे म्हातारी माणसं उरतात, आणि जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात. अशा भागात एखादं शहर वाढत असेल तर बहुतेक वेळा एकच कारण असतं: बाहेरून कुणीतरी तिथे येतंय.

आमच्याकडे लोक येतात ते प्रामुख्याने डिझेल इंजिनांमुळे. ती बनवणारी कमिन्स कंपनी १९१९ मध्ये इथेच सुरू झाली आणि तिचं मुख्यालय आजही इथेच आहे. पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, त्यामुळे कोथरूड, बालेवाडी, फलटण ही नावं इथल्या गोऱ्या माणसांच्याही कानावरून गेलेली असतात. मी आलो तो पहिल्याच आठवड्यात अपार्टमेंटच्या जिन्यात वरच्या मजल्यावरून कुकरच्या शिट्ट्या आणि मागोमाग "अगं, पोळ्या झाल्या का?" असं ऐकू आलं. साता समुद्रापार, चहूबाजूंनी मक्याचं रान, आणि जिन्यात पोळ्यांची चौकशी! मी तिथेच पायरीवर बसलो होतो, अजून आठवतं.

पण नुसत्या नोकरीने माणूस छोट्या गावात येत नाही, हे इथे फार पूर्वी एका माणसाने ओळखलं होतं. जे. अर्विन मिलर हे कंपनीचे प्रमुख. १९५० च्या दशकात त्यांनी ठरवलं की शहरातल्या सार्वजनिक इमारतींसाठी नामवंत वास्तुरचनाकार नेमले, तर त्यांची फी कंपनीचं फाउंडेशन भरेल. सुरुवात शाळांपासून झाली. चांगले इंजिनिअर यावेत तर त्यांच्या मुलांना चांगली शाळा हवी, इतका साधा विचार. सार्वजनिक ग्रंथालय आय. एम. पेई यांनी बांधलं, १९६९ मध्ये. त्याच्यासमोर शिल्पकार हेन्री मूर यांची ब्राँझची प्रचंड कमान आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे जाऊन बघा: सहा महिन्यांसाठी आलेल्या आज्या, नऊवारी नाही पण साडी, त्यावर स्वेटर, पायात मुलाने घेतलेले पांढरे बूट, आणि कमानीखालून पळणाऱ्या नातवाला मराठीत दटावणं चाललेलं. माझ्या मते या शहराच्या वाढीचं उत्तर निम्मं त्या कारखान्यात आहे आणि निम्मं या चौकात.

लोक येण्याचं कारण सगळीकडे हेच असतं असं नाही. आयोवातल्या स्टॉर्म लेकमध्ये मांसप्रक्रियेचे कारखाने आहेत. तिथल्या कष्टाच्या कामाला आधी लाओसमधून आलेले निर्वासित आले, मग मेक्सिको, मध्य अमेरिकेतले लोक. आजूबाजूचा परिसर रिकामा होत असताना ते गाव याच दहा वर्षांत १०,६०० वरून ११,२६९ वर गेलं. आकडा लहान वाटतो, पण तेवढ्यावर शाळेचे वर्ग आणि बाजारपेठ टिकून राहते. आयोवातल्याच एम्समध्ये विद्यापीठ आहे. जिथे शिकतात तिथेच विद्यार्थी मोजले जातात, त्यामुळे पट वाढला की शहरही वाढतं.

एक गोष्ट मात्र नीट तपासा: हद्दवाढ. पुण्यात २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली तेव्हा त्या लोकांनी काही घरं बदलली नव्हती. तसंच इथेही होतं. आमची बार्थोलोम्यू काउंटी त्या दहा वर्षांत ५,४१४ ने वाढली आणि तिच्या आतलं शहर ६,४१३ ने. आतलं भांडं बाहेरच्यापेक्षा जास्त कसं भरेल? म्हणजे शहराची काही वाढ काउंटीतल्याच लोकांची आहे, काही घर बदलून आलेले, काही हद्दीत ओढले गेलेले. म्हणून कुठल्याही गावाचा आकडा बघताना शेजारी काउंटीचा आकडा ठेवायचा.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. त्या ५०,४७४ मध्ये आम्ही चौघं आहोत. जनगणना व्हिसा विचारत नाही, राहता तिथे मोजते. पण मोजलं जाणं आणि राहता येणं यात फार अंतर आहे. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की माणसं दहा-बारा वर्षं एच-वन हा नोकरीचा व्हिसा वाढवत बसतात. नोकरी गेली तर नवी शोधायला साधारण साठ दिवस, आणि आपल्या कामाचे दोन-तीनच मालक असलेल्या गावात साठ दिवसांत काय सापडणार? आमच्या शेजारचं कुटुंब नऊ वर्षं इथे होतं. गेल्या हिवाळ्यात त्या घरातल्या नवऱ्याची नोकरी गेली आणि ते टेक्ससला गेले. त्यांची मुलगी शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायची. जाताना तिने कढीपत्त्याची कुंडी आमच्या दारात ठेवली. त्या घरात लगेच दुसरं कोणी आलं, आकड्यात काही फरक पडला नसेल. आम्हाला पडला.

तुमचा भाऊ येतोय तर जरूर येऊ दे. पहिलं वर्ष भाड्याने राहायला सांगा, गाडी चालवायला तिकडूनच शिकून येऊ दे, कारण इथे बसच्या भरवशावर राहता येत नाही. कढीपत्ता आणायची गरज नाही. कुंडी चांगली वाढली आहे, त्यातलं रोप मी देईन.