प्रश्न तुमचे : मदतनिधी, गोळ्या, कबर, वारसा आणि ऊसतोड

सप्रेम जय ख्रिस्त. या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधून आली आहेत. आमच्या मते या सगळ्या पत्रांमागे एकच अडचण आहे. मंडळीत माया आहे, पण ती वेळेवर पोचवायची व्यवस्था नाही. म्हणून वचनासोबत व्यवस्थेचेही सविस्तर लिहितो आहोत.

प्रश्न : आमच्या मंडळीत चाळीस घरे आहेत. मदतनिधी सुरू केला होता, पण ‘पाळकांच्या नात्यातल्यांनाच पैसे मिळतात’ असा बोल लागला आणि निधी बंद पडला. पुन्हा सुरू करायचा आहे. कसा करावा?
— मंडळीचे खजिनदार, नेवासे तालुका

उत्तर : बोल लागला म्हणून निधी बंद करायला नको होता. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीतही हीच कुरकुर होती. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा राहून जात होत्या. प्रेषितांनी ना तक्रार दाबली, ना वाटप थांबवले. त्यांनी सात माणसे निवडायला लावली, आणि त्या सातांची नावे वाचली तर सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिले गेले. तुमच्या समितीतही ज्या घरातून बोल लागला, त्या घरातले एक माणूस घ्याच. पाच जणांची समिती पुरे, त्यात किमान दोन बहिणी असाव्यात. कोणाच्या घरात चूल पेटली नाही, हे त्यांना आधी कळते. पाळकसाहेबांनी गरजू घर सुचवावे, पण पैशांवर त्यांची सही नको. त्यांच्यावरचा संशय तिथेच संपतो.

आता हिशेब. घरटी महिना ५० रुपये धरले तर चाळीस घरांचे २,००० होतात, वर्षाचे २४,०००. पण सगळी घरे बाराही महिने देत नाहीत, म्हणून नियम १८,००० वर बसवा. मयत झालेल्या घराला त्याच दिवशी २,००० द्यावेत. दवाखान्यात भरती झालेल्याच्या घरी गाडीभाडे आणि सोबतच्या माणसाच्या जेवणासाठी १,००० द्यावेत. हातात ५,००० कायम शिल्लक ठेवावेत. रक्कम आधी ठरलेली असली म्हणजे माणसाचे तोंड बघून आकडा बदलत नाही.

या निधीतून उसने मात्र कोणालाही देऊ नका. खेड्यातले बहुतेक निधी इथेच बुडतात. ज्याच्याकडे थकते, तो आधी वर्गणी बंद करतो आणि मग तोंड चुकवायला उपासनेला येणेच सोडतो. पैसे जातात आणि माणूसही जातो. कर्जासाठी बचत गट आहेत, ते वेगळे राहू द्या.

अर्पणाची थैली आणि निधीची पेटी वेगळी असावी. उपासना संपली की त्याच टेबलावर, वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनी पैसे मोजावेत, वहीत लिहावेत, दोघांनी सही करावी आणि आकडा वाचून दाखवावा. ‘घरी जाऊन मोजतो’ हे कितीही विश्वासू माणूस म्हणाला तरी नको. पौलाने यहुदियाच्या भुकेल्यांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा रकमेबद्दल कोणी दोष देऊ नये म्हणून सोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला होता (२ करिंथ ८:१९-२१). बँक खाते मंडळीच्या नोंदणीकृत न्यासाच्या नावे उघडा, तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने चालणारे. खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाईलवर क्यूआर कोडने पैसे घेतले की घरखर्च आणि निधी एकत्र होतो. पुढे हिशेब खरा असूनही तो दाखवता येत नाही.

दर तीन महिन्यांनी किती जमले, कशासाठी किती गेले, हे वाचून दाखवा. घेणाऱ्याचे नाव वाचू नका. ते समितीच्या वहीत असले की पुरे.

परदेशातल्या नातलगांकडून पैसे घेताना सावध राहा. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे परदेशी देणगीत मोडत नाहीत. पण तिकडचे नागरिकत्व घेतलेल्याने दिलेले मोडतात, मग तो याच गावचा का असेना. विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी नसेल तर असे पैसे न्यासाने घेऊ नयेत.

हंगामाच्या सणाला अर्पण म्हणून येणारी आणि लिलावात निघणारी ज्वारी-बाजरी सगळी विकू नका. लेवीय १९:९-१० मध्ये शेताच्या कडा गरिबासाठी राखायला सांगितले आहे, त्याच न्यायाने दोन पोती ज्वारी निधीसाठी ठेवा. दाताखाली कटकन फुटेपर्यंत उन्हात वाळवा, पूर्ण गार होऊ द्या, मगच पत्र्याच्या कोठीत भरा. गरम धान्य भरले की कोठीला आतून घाम येतो आणि बुरशी धरते. बाजरी धान्य म्हणूनच वाटा. तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते.

प्रश्न : भावकीतल्या मुलाला मनाचा आजार आहे. प्रार्थनेला आलेल्या एका उपदेशकाने ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद करा’ असे याकोब ५:१४ दाखवून सांगितले. आता काय करावे?
— एक बहीण, राहुरी तालुका

उत्तर : गोळ्या बंद केल्या असतील तर आजच डॉक्टरांना कळवा. किती दिवस बंद आहेत तेही सांगा, कारण पुन्हा कोणत्या मात्रेने सुरू करायच्या हे तेच ठरवतील. याकोब मंडळीच्या वडिलांना (म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना) बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा असे सांगतो. औषध टाका असे त्या वचनात कुठेही नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पौलाने तीमथ्याला पोटासाठी उपाय सांगितला आणि लूक तर स्वतः वैद्य होता. मिरजेला १८९४ मध्ये मिशन दवाखाना उभा राहिला, तो प्रार्थना करणाऱ्यांनीच उभारला.

या गोळ्या एकदम थांबवल्या की बहुधा सगळ्यात आधी झोप उडते. काही दिवस ठीक चालले असे वाटते, म्हणून ‘बरा झाला’ असे घरचे धरून चालतात, आणि मग आजार उलटतो. फिटच्या गोळ्या अचानक थांबवणे तर जिवावर बेतू शकते. हात थरथरणे, अंग आखडणे, सतत गुंगी असा त्रास असेल तर डॉक्टर मात्रा बदलतात. तो त्रास त्यांना सांगायचा, गोळी टाकून द्यायची नाही. लिथियम (मनाच्या आजारावरचे एक औषध) चालू असेल तर निर्जळी उपास करवू नका. अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते आणि विषबाधा होऊ शकते.

प्रार्थना घरी, दोन-तीन वडिलांनी, हळू आवाजात करावी. गर्दी, डोक्यावर हात दाबून ओरडणे, बांधून ठेवणे याने रुग्ण आणखी घाबरतो. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलते. घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.

प्रश्न : वडिलांच्या कबरेवर चार महिन्यांत सिमेंटचा चौथरा बांधला. पावसाळ्यानंतर तो मधोमध तडकला आणि एका बाजूला खचला. आमची दफनभूमी काळ्या मातीत आहे. पुन्हा कसा बांधावा? शिवाय जागा कागदावर मंडळीची नाही, तिचे काय?
— एक वाचक, श्रीरामपूर तालुका

उत्तर : काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यात कबरेत भरलेली माती भुसभुशीत असते, आणि पुढे शवपेटीचे झाकण कुजून बसले की वरची माती आणखी खाली जाते. तुमचा चौथरा याच बसणाऱ्या मातीवर टेकलेला होता. किमान एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यायला हवा होता, दोन गेले तर उत्तम. तोवर फूट-दीड फूट उंच मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस पुरे. माती खचेल तशी वरून भर घालत राहा.

आता तडकलेला चौथरा काढा. वरची दीड फूट माती उचला आणि मुरूम भरा, पण एकदम नाही. सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस, असे तीन थर. स्लॅब कबरेच्या तोंडापेक्षा चारी बाजूंनी फूटभर मोठी घ्या, म्हणजे तिच्या कडा न उकरलेल्या घट्ट जमिनीवर बसतील आणि मधली माती पुढे खचली तरी स्लॅब तोलून धरेल. चार इंच जाडी, ८ मिलिमीटरची सळई दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंचांवर, तळापासून इंचभर वर उचललेली. सळई जमिनीवरच पडून राहिली तर ती गंजते आणि तिचा उपयोग होत नाही. दहा-बारा दिवस ओले पोते टाकून पाणी मारा.

नवी कबर खणताना सात फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाच फूट खोल हे माप ठेवा. निघालेली माती काठापासून दोन फूट लांब टाका. काठावरच ढीग घातला की त्याच्या भाराने कडा ढासळते आणि खड्ड्यात उतरलेला माणूस सापडतो. पावसाळ्यात खणणारा एकटा नसावा. खालून मुरूम लागला तर तो वेगळा ठेवा, भरताना कामाला येतो.

जागेचा उतारा आधी काढा. सातबाऱ्यावर गायरान किंवा सरकारी नोंद असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन, त्या गटातली जागा दफनभूमीसाठी राखून ठेवावी असा अर्ज तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा. जागा कोणी तोंडी दिलेली असेल तर तेवढ्याने भागत नाही. दात्याच्या हयातीतच न्यासाच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या आणि धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्या. दाता गेल्यावर त्याची मुले मोठ्या मनाची असतीलच असे नाही. कुंपण मोजणीनंतरच घाला. आधी तार ओढली आणि मग बांध सरकला की शेजाऱ्याशी कायमचे वाकडे येते. रस्ता, कुंपण, पाणी यांसाठी ग्रामपंचायतीला जनसुविधा योजनेतून अनुदान मिळू शकते. ते दहनभूमीसोबत दफनभूमीसाठीही आहे, हे मागताना स्पष्ट सांगा.

एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट असतात. एका कबरेला आठ बाय चार फूट धरून आणि चालायला वाट सोडून गुंठ्यात साधारण पंचवीस कबरी बसतात. ओळ आणि क्रमांक घालून नकाशा करा, वहीत नाव व तारीख लिहा. नाहीतर क्रूस मोडल्यावर दुसऱ्याच्या कबरेवर कुदळ पडते.

प्रश्न : पती वारले. तीन एकर त्यांच्या नावावर आहे. दोन मुली, एक मुलगा. दीर म्हणतात, बाईला आणि मुलींना हिस्सा नाही.
— एक विधवा बहीण, संगमनेर तालुका

उत्तर : दिरांचे म्हणणे चूक आहे. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी सारखेच. तुम्हाला एक एकर आणि तिन्ही लेकरांना प्रत्येकी दोन तृतीयांश एकर, म्हणजे साडेसव्वीस गुंठ्यांच्या थोडे वर. मुले असताना दिराचा काहीही वाटा नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा, ती फुकट होते. मग तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या आणि पोच घ्या. फेरफारात दोन्ही मुलींची नावे आली का, ते स्वतः वाचा. दुःखाच्या दिवसांत पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा नको, त्यात हक्कसोडपत्र असू शकते. जमीन अजून हयात सासऱ्यांच्या नावावर असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे सुनेला स्वतःचा वाटा मिळत नाही, सासऱ्यांच्या पश्चात नातवंडांना बापाचा वाटा मिळतो.

मंडळीच्या वडिलांना विनंती : तलाठी कार्यालयात या बहिणीसोबत कोणीतरी जा. याकोब १:२७ मधला विधवांचा समाचार घेणे यालाच म्हणतात.

प्रश्न : दसऱ्यानंतर आमची निम्मी घरे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. वर्गणी नाही, उपासनेला हजेरी नाही. त्यांची नावे सभासद यादीतून कमी करावीत का?
— मंडळीचे सचिव, पाथर्डी तालुका

उत्तर : अजिबात नाही. याकोब ५:४ मध्ये कापणी करणाऱ्यांची हाक प्रभूच्या कानी पोचली असे लिहिले आहे. ज्यांची हाक तिथे पोचते, त्यांचे नाव आपल्या वहीतून कसे खोडता येईल?

निघण्याआधीच्या रविवारी त्यांना पुढे बोलावून नाव घेऊन प्रार्थना करा. त्याच दिवशी कारखाना, मुकादमाचा नंबर, किती कोयते (तोडणाऱ्या जोड्या), घरी मागे कोण, हे लिहून घ्या. मागे राहिलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या जोडप्यासाठी दोन घरे नेमा. आठवड्यातून एकदा जाऊन गोळ्या, पाणी, दळण बघायचे.

फडावर रविवारची सुट्टी नसते. पहाटे तोड, गाडी आली की रात्रीही भरणी. म्हणून शब्बाथावरून बोल लावू नका. रात्री कोपीपुढे (फडावरच्या झोपडीपुढे) वीस मिनिटे पुरतात. एक भजन, स्तोत्र १२१ आणि नावे घेऊन प्रार्थना. टोळीतला वाचता येणारा एक जण आधीच तयार करा. पाळकांनी भेटीला सकाळी जाऊ नये, टनावर मजुरी असते. कारखान्याने गाडी थांबवलेला दिवस फोनवर विचारून जावे. नाताळ त्यांचा फडातच जातो, तेव्हा परतल्यावर त्यांच्यासाठी प्रभुभोजनाची वेगळी उपासना ठेवा.

मुलांचे काम सप्टेंबरातच करा. मागे राहणाऱ्या मुलांची नावे हंगामी वसतिगृहासाठी मुख्याध्यापकांना द्या, कारण प्रस्ताव दिवाळीआधी गेला नाही तर हंगाम निघून जातो. सोबत जाणाऱ्यांना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. लहानग्यांचे लसीकरणाचे कार्ड आईच्या पिशवीत असावे. रेशनवर प्रत्येकाचे ई-केवायसी झाले असेल तर धान्य तिकडच्या दुकानातही उचलता येते.

वर्गणी उचलीतून मात्र घेऊ नका. उचल ही कमाई नाही, कर्ज आहे, आणि ते फेडायलाच ते सहा महिने जातात. हिशेब होऊन घरी आल्यावर जे देतील ते घ्या, आणि काहीच उरले नसेल तर त्या वर्षी मदतनिधीत पहिले नाव त्यांचे असू द्या.